देखने जा रहे हो कि बैठने?

इंदूरला पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं हे ठरलेलं असायचं. सकाळी पोहे-जिलेबी, मग राजवाडा, वेळ उरला तर लालबाग, संध्याकाळी खायला छप्पन दुकान, रात्री सराफ्यातली खाऊगल्ली आणि दुसऱ्या दिवशी इसबगोल. 2025 च्या मे महिन्यानंतर या यादीत मेट्रो शिरली आणि आम्हा राजेंद्रनगरवाल्यांचे हाल सुरू झाले. मेट्रोनं कुठे जायचं, ही पुण्या-मुंबईची चिंता. आमची चिंता मेट्रोपर्यंत कशानं जायचं, ही.

कागदावर आमची मेट्रो मोठी देखणी आहे. साधारण साडेएकतीस किलोमीटरचं वर्तुळ. गांधीनगरहून निघायचं आणि सुपर कॉरिडॉर, विजयनगर, बंगाली चौराहा, पलासिया, रेल्वे स्टेशन, राजवाडा, बडा गणपती, विमानतळ करत पुन्हा गांधीनगरला यायचं. राजेंद्रनगर या वर्तुळाच्या बाहेर, लोकमान्यनगरही बाहेर. मराठी माणूस इथेही परिघाबाहेरच राहिला, असं आमच्या शेजारचे काका म्हणतात. पण नळाला पाणी नाही आलं तरी ते हेच म्हणतात.

31 मे 2025 ला, अहिल्यादेवींच्या 300 व्या जयंतीच्या मुहूर्तावर, सुरू झाला तो यातला जेमतेम सहा किलोमीटरचा तुकडा. तोही अशा भागात, जिथे माणसांपेक्षा प्लॉटच्या पाट्या जास्त. पाच स्टेशनं आणि पाचांना राण्या-वीरांगनांची नावं. पहिला आठवडा तिकीट नव्हतं. फुकट म्हटल्यावर लोक सेव-परमलचे पुडे घेऊन, पोराबाळांसकट, मोबाइल उंच धरून चढले. तिकीट लागलं आणि गर्दी ओसरली.

त्याच पावसाळ्यात पुण्याहून आत्या आली. आत्या कोथरूडला, वनाझजवळ राहते. 2022 च्या मार्चमध्ये तिथली मेट्रो सुरू झाल्यापासून आत्याची भाजी, भिशी आणि दाताचा डॉक्टर, सगळं मेट्रोच्या मार्गावर आलं आहे. जे मार्गावर नव्हतं ते तिनं बदललं. चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाली, "काय रे, तुमच्याकडेही आली म्हणे. दाखव की."

"आत्या, लांब आहे गं."

"मेट्रो लांब कशी असेल? जवळ असते म्हणूनच माणसं तिनं जातात ना?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, स्कूटरवर न्या ना आत्यांना." आत्याच्या गुडघ्यांनी हा प्रस्ताव फेटाळला. मग चौराह्यावर जाऊन ई-रिक्षा थांबवली. गांधीनगर म्हटल्यावर त्यानं मान हलवली. मेट्रो म्हटल्यावर मात्र रिक्षा बंद करून आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं.

"मेट्रो देखने जा रहे हो भिया, कि बैठने?"

"बैठने."

"बैठ के जाओगे कहाँ?"

मी आत्याकडे पाहिलं. आत्यानं पर्समध्ये पाहिलं. एवढा नेमका प्रश्न मेट्रोबद्दल मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि विचारणाऱ्याला तर नुसतं भाडं हवं होतं. त्यानं आम्हाला महूनाक्यापर्यंत सोडलं. तिथून गंगवाल बसस्टँडपर्यंत मॅजिक व्हॅन, ज्यात आत्याच्या मांडीवर कुणाची तरी कोथिंबिरीची जुडी बसली. पुढे दुसरी रिक्षा. बडा गणपतीपाशी ती अशी अडकली की आत्याचं अथर्वशीर्ष पूर्ण झालं.

स्टेशन मात्र लखलखीत. फरशीत स्वतःला पाहून आत्यानं पदर सारखा केला. आमची पिशवी तपासणाऱ्या माणसाला आमच्याशी बोलायचं होतं हे उघड दिसत होतं. यंत्रात चकलीचा डबा दिसल्यावर त्याला विषयही मिळाला. वर गाडी आली, तीन डब्यांची, दारं उघडली, आणि आत्या माझा हात सोडून पळत सुटली. खिडकीची जागा धरली, शेजारच्या जागेवर माझ्यासाठी रुमाल टाकला आणि मग मान वळवून पाहिलं. डब्यात आमच्याशिवाय एक जोडपं होतं आणि ते एकमेकांचे फोटो काढत होतं.

"आज सुट्टी आहे का रे?"

"नाही गं."

गाडी छान चालते, हे सांगायलाच हवं. धक्का नाही, आवाज नाही, गारवा बेताचा. खिडकीबाहेर रुंद रस्ता, आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती, मग बराच वेळ हिरवं गवत आणि त्यात एक म्हैस.

"लोक कुठे राहतात यातले?"

"कुठले लोक?"

"चढणारे."

"ते अजून यायचेत."

मग मी तिला समजावून सांगितलं, की डेपो गांधीनगरला आहे, इथे जमीन मोकळी, रस्ता रुंद, भुयार खणायला नको, दुकानं हलवायला नकोत. म्हणून काम इथून सुरू केलं. आधी गाडी येते, मग तिच्या मागून वस्ती येते. आत्या म्हणाली, "आमच्याकडे आधी माणसं आली, मग ट्रॅफिक आला, मग मेट्रो." तिचा क्रमही काही आदर्श नाही, पण निदान डब्यात धक्काबुक्की तरी होते.

शेवटच्या स्टेशनवर उतरून जिन्यावरून खाली पाहिलं. रिक्षा नव्हती, बस नव्हती, चहाची टपरीसुद्धा नव्हती. इंदुरात टपरी नाही म्हणजे वस्ती नाही, त्याला वेगळा सर्व्हे लागत नाही. आम्ही परत फिरलो आणि त्याच गाडीत, त्याच जागांवर बसलो. या वेळी आत्यानं रुमाल टाकला नाही.

"मग रोज कामाला कशानं जाता रे तुम्ही?"

इथे मला बीआरटीएसची कहाणी सांगावी लागली. 2013 साली एबी (आग्रा-मुंबई) रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर, रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळी लेन झाली. आमच्या बाजूला यायची ती. त्या लेनमधल्या आय-बसमध्ये उभं राहून कितीतरी लोक कामावर जायचे, आणि रेलिंगच्या पलीकडे मोटारीत अडकलेले लोक त्या मोकळ्या लेनकडे बघून दातओठ खायचे. अखेर दातओठ जिंकले. फेब्रुवारी 2025 मध्ये हायकोर्टानं ती काढून टाकायला संमती दिली आणि तीन महिन्यांनी मेट्रो धावली. म्हणजे माणसं होती तिथली लेन गेली, आणि नव्हती तिथे रूळ आले. आता आत्या पुणेरी काहीतरी बोलणार म्हणून मी सावरून बसलो, पण ती एकदम खिडकीबाहेरच्या म्हशीत गुंतली. 2006 साली कात्रज-हडपसर बीआरटी पुण्यानं आमच्या आधी केली होती. तिचा विषय पुणेकरांपुढे काढू नये.

बरं, या शहराला शहाणा सल्ला मिळाला नाही असंही नाही. 1918 साली पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश गृहस्थानं होळकर दरबारला इंदूरच्या नगररचनेवर दोन खंडांचा अहवाल दिला. जुन्या गल्ल्या सरसकट पाडू नका, जपून थोडंथोडं कापा, असं सांगणारा माणूस. प्लेगचे दिवस होते. त्यानं दिवाळीला मिरवणूक काढली, तिच्यात प्लेगचा भलाथोरला उंदीर फिरवला आणि जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं जाणार नाही. ज्या भागातली घरं जास्त साफ होतील तिथून जाईल. लोकांनी घरं धुऊन काढली. इंदूरकराला मार्ग कुठून जाणार हे कळलं की तो काय वाटेल ते करतो, हे त्या परक्या माणसानं बरोबर ओळखलं. मेट्रोचा मार्ग कळल्यावरही इंदूरकर असाच घराबाहेर पडला. फक्त हातात झाडू नव्हता, रजिस्ट्रीचे कागद होते.

आत्याला गेडीसपेक्षा तुकोजीराव आवडले. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीवर. "इंग्रजांना? व्याजानं?" ती पहिल्यांदाच प्रसन्न झाली. "मग वसूल झालं ना रे सगळं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पोहे खायला नेलं. इंदूरचं खरं नगररचना खातं पोह्याच्या ठेल्यावर भरतं. तिथे मेट्रो जमिनीवरून की खालून हा वाद तेव्हा रोजचा. एक गट म्हणतो, खजराण्यापासूनच खालून न्या. दुसरा म्हणतो, राजवाड्याखाली खणलं तर वाड्याचं काय? शेजारच्या काकांचं मत पक्कं आहे: स्टेशन जवळ हवं, पिलर समोर नको, आणि खोदकाम मागच्या गल्लीत व्हावं. "काका, मागच्या गल्लीत तुमच्या लेकीचं घर आहे," असं कुणीतरी म्हटल्यावर त्यांनी पिलर एक गल्ली पुढे नेला.

आत्यानं मग सूत्रं हाती घेतली. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावन मसाल्याची डबी उचलून तिनं काउंटरवरच मेट्रोची आख्खी यलो लाइन टाकली. जिलेबी ठेवली तो राजवाडा, शेवेचा ढीग म्हणजे विजयनगर, आणि चमच्यानं एक फाटा खास राजेंद्रनगरपर्यंत ओढला. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघांनी आपापल्या कॉलनीकडे बोटानं आणखी फाटे काढले. ठेलेवाला कढईवरून बराच वेळ बघत होता. त्यानं फडका घेतला, एका हातात सगळी लाइन पुसली आणि म्हणाला, "स्टेशन कहीं भी बना लो भिया, गाड़ियाँ तो सब मेरी दुकान के सामने ही खड़ी करोगे."