सेव्ह केलं होतंस ना?

रात्री सव्वादोनला फोन वाजला. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात त्या वेळी फोन वाजला की आई आधी देवाकडे बघून हात जोडते, मग विचारते, "कोण गेलं रे?"

कोणी नाही आई, पॅकेज गेलं. म्हणजे ऑफिसचा एसएसआयएस प्रोग्राम, इकडचा डेटा तिकडे नेणारा.

मंगळवारी साडेचार तास घातले होते त्या डीटीएसएक्सवर, म्हणजे पॅकेजच्या फाइलवर. ग्राहकाच्या नावाचा कॉलम ५० अक्षरांचा १२० करायचा, बस. फ्लॅट फाइलमध्ये, म्हणजे डेटा येतो त्या साध्या टेक्स्ट फाइलच्या सेटिंगमध्ये, बदलला की सोर्सवर, म्हणजे ती वाचणाऱ्या चौकोनावर, इशाऱ्याचा पिवळा त्रिकोण. तो घालवला की पुढच्या चौकोनावर. सात चौकोन, सात त्रिकोण, एकेकाला अक्षता वाहिल्यासारखं करत गेलो. कंट्रोल-एस. टॅबवरचा 'सेव्ह बाकी'वाला स्टार गेला. कमिट, पुश, म्हणजे बदल टीमच्या सामायिक साठ्यात. येताना छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत थांबून खोपरा पॅटिससुद्धा खाल्लं, इतका खूश.

आणि बुधवारी शेजारच्या खुर्चीवरच्या चिरंजीवांनी ते पॅकेज उघडलं. का? "दादा, फक्त बघत होतो." बघता बघता चौकोन वाकडेतिकडे दिसले म्हणे, म्हणून ओळीत लावले. अरे, रांगोळी घालतोयस का? ही फाइल म्हणजे नुसतं एक्सएमएल, कुठला चौकोन कुठे ठेवला तेही त्यातच लिहिलेलं. साठ्यातून माझे बदल ओढायला गेला तर कॉन्फ्लिक्ट, दोघांचे बदल एकमेकांवर आदळले. लाल-हिरव्या ओळींचा ढीग बघून पोरगं घाबरलं आणि 'माझं ठेव' दाबून मोकळं झालं. माझे १२० गेले, त्याची रांगोळी राहिली.

वर पॅकेजची प्रोटेक्शन लेव्हल युजर-कीवाली, म्हणजे आतला पासवर्ड ज्यानं सेव्ह केला त्यालाच उघडणार. दुसऱ्यानं उघडलं की पासवर्ड कोरा, त्यानं सेव्ह केलं की कोराच राहिला. वॉर्निंग येते हो, वाचतो कोण! तसंच डिप्लॉय केलं, म्हणजे सर्व्हरवर चढवलं. रात्री २ चा जॉब: लॉगिन फेल्ड. मी उठून पासवर्ड भरला, पुन्हा चालवलं. ट्रंकेशन, म्हणजे नाव मावेना. त्याच कॉलमवर. ५०.

सकाळी मॅनेजर विचारतात, "सेव्ह केलं होतंस ना?" या वाक्यावर दंड बसवायला पाहिजे. कचरा टाकल्यावर बसतो ना इंदूरमध्ये, तसा.

एसएसआयएसच्या आधीचं जुनं डीटीएस बरं होतं. एसक्यूएल सर्व्हर २००० वर प्रत्येक सेव्हला नवी व्हर्जन पडायची. राइट क्लिक करायचं, जुनी उघडायची. २००५ मध्ये एसएसआयएस आलं, ते सुख संपलं. आता तर पॅकेज उघडलं की ते आधी सगळ्या डेटाबेसची दारं ठोठावत बसतं, आणि व्हीपीएन पडलेला असला की पांढरा पडदा, बसा भजन करत. पॅकेज ज्यात उघडतो त्या व्हिज्युअल स्टुडिओच्या नव्या आवृत्तीत चुकून उघडलं तर आपणहून अपग्रेड होऊन बसतं, ते वेगळंच.

तर चिरंजीवांना झापायचंच असं ठरवून फाइलची हिस्ट्री काढली. प्रोटेक्शन लेव्हल डीफॉल्टवर ठेवून हे पॅकेज बनवणारा कोण? मीच. तीन वर्षांपूर्वी. कमिटमध्ये लिहिलंय, "सध्या चालू दे, नंतर बघू."

झापणं रद्द. पोहे मागवले, दोन प्लेट. मग एक त्याला सरकवली आणि सात त्रिकोण पुन्हा पूजायला बसलो. दुपारी एकला शेवटचा गेला. सेव्ह करणार तेवढ्यात दिसलं, खालचा एक चौकोन जरा डावीकडे कललाय.

सरळ केला. मग कंट्रोल-एस.