ईजीआर व्हॉल्व्हच्या बिलाबाबत गॅरेजमालकाचे उत्तर

नमस्कार. शनिवारी देतो म्हटलेली गाडी सोमवारी संध्याकाळी दिली आणि मध्ये फोनही केला नाही, ही चूक आमचीच आहे. त्याबद्दल क्षमा मागतो. मात्र 'टिचभर व्हॉल्व्ह पुसायला साडेचार हजार, पत्री मारली असती तर पाचशेत भागले असते' हे आपण तक्रारीत लिहिलेले वाक्य जिव्हारी लागले. (पत्री म्हणजे या व्हॉल्व्हची धुराची वाट बंद करणारा पत्र्याचा तुकडा.)

आपली गाडी २०१८ची, म्हणजे बीएस ४ (प्रदूषणाच्या आधीच्या नियमांतली) डिझेल. सिलिंडरमधले ज्वलन फार तापले की हवेतल्याच नायट्रोजन आणि ऑक्सिजनपासून विषारी वायू तयार होतात. ते कमी व्हावेत म्हणून हा ईजीआर व्हॉल्व्ह सायलेन्सरकडे निघालेल्या धुराचा काही भाग कूलरमधून गार करून पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, सोडतो. त्या धुरात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड व वाफ जास्त असल्याने तापमान उतरते. पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर व्हॉल्व्ह मिटतो, मंद चालीत उघडा राहतो. आपली गाडी कोल्हापुरातच, राजारामपुरी ते महाद्वार रोड एवढीच फिरते, असे आपणच सांगितले होते. अशा जवळच्या, मंद फेऱ्यांत काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ मिळून आत डांबरासारखा थर धरतो. त्याने व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा झाला होता, म्हणून काळा धूर आणि धक्के. तो थर स्क्रूड्रायव्हरने खरवडून वर्तमानपत्रावर दाखवला, तेव्हा आपण मोबाइलवर बोलत होता.

पत्री मारली की धूर परत येणे बंद होते, विषारी वायू वाढतात आणि हवेचा हिशेब जुळला नाही की कॉम्प्युटर बहुधा चेक लाइट लावतो. पीयूसीला डिझेलच्या धुराचा काळेपणाच पाहतात, तिथे पत्री सापडत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. तरी आम्ही ती मारत नाही.

साडेचार हजारांत इनटेक मॅनिफोल्ड उतरवून धुणे, कूलर साफ करणे, नवी गॅस्केट आणि स्कॅनरवर व्हॉल्व्हचे सेटिंग एवढे आले. थर रात्रभर भिजवावा लागला आणि गॅस्केट मिळायला रविवार आडवा आला. उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या आवाजात वाढलेल्या माणसाला 'इंजिनातले कळत नाही' म्हणण्याआधी एक फोन केला असता तर बरे झाले असते.

उशीर होणार असल्यास आधी कळवण्याची व्यवस्था लवकरच करीत आहोत. आपली जुनी गॅस्केट आणि खरवडलेला कार्बन डब्यात जपून ठेवला आहे, केव्हाही येऊन पाहावा.