“मला काय रोग झालाय का?”

आज दुपारी पार्लरमध्ये हे वाक्य कानावर पडलं आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय. लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही.

डोंबिवलीतलं आमचं नेहमीचं पार्लर. बाहेर दोन खुर्च्या, आत पडद्यामागे वॅक्सिंगचा बेड. मी आयब्रोजसाठी थांबले होते. आत एक बाई होत्या. पडद्याआडचं सगळं ऐकू येतं. “हे हातमोजे कशाला? मला काय रोग झालाय का?” नवीन लागलेली मुलगी, जेमतेम बावीसची, हळूच म्हणाली, “तसं नाही मॅडम, मी सगळ्यांनाच घालते.” “इतकी वर्षं येतेय मी इथे. किळस येत असेल तर दुसरीला पाठव.” मी बाहेरूनच म्हटलं, “घालू दे की तिला!” तर ती पोरगी पडदा सारून बाहेर आली, हातातले निळे ग्लोव्हज डस्टबिनमध्ये टाकले आणि मलाच समजावलं, “राहू द्या ताई, मॅडम रेग्युलर आहेत.”

दाताच्या डॉक्टरने उघड्या हाताने तोंडात बोटं घातली तर याच बाई खुर्चीतून उठतील ना? पाणीपुरीवाल्याने ग्लोव्हज घातले की आपण कौतुकाने त्याच्याकडेच जातो. मग पार्लरमधल्या मुलीने घातले तर तो अपमान कसा? तिने विटाळ मानला असं का वाटतं आपल्याला?

माझा राग एवढा का, तर माझी काख. २००९ साली कराडला चुलतबहिणीचं लग्न होतं. दोन दिवस आधी घाईघाईत एका पार्लरमध्ये अंडरआर्म्स करून घेतले. त्या ताईंच्या बोटाला चिकटपट्टी होती, कडा मळलेल्या. मला दिसली होती. माझ्या आधीच्या बाईला ज्या सुरीने वॅक्स लावलं तीच सुरी, तोच डबा, जुन्या जीन्सच्या धुतलेल्या पट्ट्या. सगळं दिसत होतं आणि मी बोलले नाही, कारण वाईट दिसेल! दुसऱ्या दिवशी पुळ्या, लग्नाच्या दिवशी उजव्या काखेत लिंबाएवढी काखमांजरी आणि अंगात ताप. मंगलाष्टकं चालू असताना हात वर होईना. डाव्या हाताने अक्षता टाकल्या. आजी कानात म्हणाली, “डाव्या हाताने नको गं टाकूस.” ते अजून टोचतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला तेव्हा पहिला प्रश्न विचारला, “वॅक्सिंग कुठे केलंत?” वॅक्सने केस मुळापासून उपटला जातो, वरची त्वचाही थोडी सोलवटते, काखेसारख्या जागी रक्ताचे बारीक ठिपके येतात. म्हणजे उघडी दारंच. त्यावर कुणाच्या तरी बोटाचा नाहीतर मागच्या गिऱ्हाइकाचा जंतू बसला की झालं. “वॅक्स गरम असतं, त्यात मरतं सगळं,” असं मला कितीजणींनी सांगितलंय. अगं, जे वॅक्स अंगाला सोसवतं त्यात जंतू मरतील कसे?

आणि हे फक्त आपल्यापुरतं नाही. तीच गोष्ट आज मला जास्त लागली. माझी मामेबहीण नर्स आहे. ती सांगते, रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, सात दिवस तग धरू शकतो. नर्सला त्याच्या लशीचे तीन डोस घ्यायला लावतात. पार्लरच्या मुलीला कोण विचारतं? दिवसभर तेल आणि चिकट वॅक्समध्ये राहून तिच्या नखांच्या कडा फाटलेल्या असतात. आज मी मुद्दाम बघितल्या. लालभडक. त्या फाटक्या बोटांनी ती आपल्या रक्ताचे ठिपके पुसते, आणि आपण तिला विचारतो, मला काय रोग झालाय का!

२८ जून २०२० ला महाराष्ट्रात पार्लरं पुन्हा उघडली तेव्हा ग्लोव्हज, मास्क, एप्रन सक्तीचेच होते. तेव्हा कुणाचा अपमान झाला नाही. तेव्हा आपला जीव होता ना पणाला.

बरं, नुसते ग्लोव्हज घालून भागत नाही हे मान्य. तेच घालून मोबाईल उचलायचा, पैसे घ्यायचे आणि परत कामाला लागायचं, तर न घातलेले बरे. वॅक्स ग्लोव्हजला चिकटतं, मुलींना त्रास होतो, तेही खरं. पण सवय होते. ग्लोव्हज दर गिऱ्हाइकाला नवे हवेत. एकदा अंगाला लागलेली काडी पुन्हा डब्यात बुडता कामा नये. पट्टी वापरून फेकायची. आणि पट्टीवरचं वॅक्स खरवडून डब्यात परत टाकताना मी स्वतः पाहिलंय. एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी. तिथून उठून या, अर्धा हात राहिला तरी उठा.

मालकीणबाईंना खर्च पडतो, हो, पडतो. मी आज विचारलं. म्हणाल्या, एका जोडीला दहा रुपयेसुद्धा लागत नाहीत, पण गिऱ्हाइकं नाराज होतात म्हणून मीच मुलींना आग्रह करत नाही. म्हणजे अडलंय कुणामुळे? आपल्यामुळे. हजाराचं फेशियल करणाऱ्या आपण.

त्या बाईंवरचा राग आता थोडा उतरलाय. त्यांना खरंच वाटलं असेल की ही पोर आपल्याला हात लावायला कचरतेय. कुणी कधी सांगितलंच नसेल. मलाही काखमांजरी होईपर्यंत कुठे कळलं होतं? चिकटपट्टी दिसत असूनही हात वर करून पडून राहिलेच ना मी.

माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, आयब्रोज राहू देत, हातांचं वॅक्सिंग कर. तिने नवीन जोडी काढली, घालता घालता थांबली आणि विचारलं, “ताई, तुम्हाला चालतील ना?” तिच्या आवाजात भीती होती हो. स्वतःची बोटं झाकायला परवानगी मागत होती ती.

लेकीला कॉलेज सुरू व्हायच्या आधी पहिल्यांदा वॅक्सिंग करायचंय. शनिवारी साडेअकराची वेळ घेतली आहे, त्याच मुलीकडे. निळ्या ग्लोव्हजचा एक डबा मी सोबत नेणार आहे.