ए साडेतीन

माझ्या पुढच्या दाताचा तुकडा एका लग्नात सीताफळ रबडी खाताना उडाला. "रबडीनं कुणाचा दात पडतो का?" हा प्रश्न गेल्या रविवारपासून वॉचमनपासून साडूपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय, त्यामुळे एकदाच सांगतो. रबडीनं नाही पडत, रबडीतल्या बीनं पडतो. केटररनं बिया काढलेल्या असतात, अगदी मन लावून काढलेल्या असतात, फक्त एक राहते आणि ती आपल्या वाटीत येते. स्टीलचा चमचा आणि दात यांच्या मध्ये ती सापडली, कट् झालं, आणि वरच्या डाव्या पुढच्या दाताचा कोपरा गेला. बी मात्र अख्खी. साधा चरा नाही.

सोमवारी ऑफिसात गेलो तर ज्याला त्याला 'एकदंत' सुचलं. प्रत्येकाला वाटत होतं हा जोक जगात पहिल्यांदा आपणच करतोय. मी दात न दाखवता हसायला शिकलो आणि 'स' आला की त्या फटीतून बारीक शीळ वाजायला लागली, म्हणजे "सर, सोमवारी स्टेटमेंट सबमिट करतो" एवढं म्हणेस्तोवर शेजारच्या टेबलवरचे मान वर करून बघायचे.

मग डोंबिवलीतच घराजवळच्या डेंटिस्टकडे गेलो. पहिला मजला, खाली रिक्षा स्टँड, वर छोटी गॅलरी. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, आणि तिचं पहिलं वाक्य होतं "या काका, बसा". मी सत्तेचाळीसचा आहे. असो. तिनं विचारलं, तुकडा आणलाय का? म्हटलं गिळला. ती म्हणाली अरेरे, तुकडा दुधात ठेवून लगेच आणला असतात तर कधीकधी तोच परत चिकटवता येतो. म्हटलं अहो दुधातच होता तो, रबडीत. ती हसली नाही. किंवा हसली असेल, मास्क होता.

मग तिनं आरशानं सगळं तोंड बघितलं आणि असिस्टंटला काहीतरी आकडे लिहून घ्यायला सांगायला लागली. एकवीस फ्रॅक्चर. ठीक आहे. मग म्हणाली सेहेचाळीसलाही कीड दिसतेय. मी तोंडात आरसा असतानाच उठायला लागलो, कारण माणसाला दात बत्तीस असतात हे मला चौथीपासून पाठ आहे, म्हणजे एकतर हिनं दुसऱ्याच कुणाचा कागद काढलाय किंवा बिलात चौदा दात वाढीव लावलेत. तेव्हा कळलं की पहिला आकडा तोंडाच्या चार भागांपैकी कुठला त्याचा आणि दुसरा मधल्या दातापासून मोजत गेल्यावर कितवा त्याचा. एकवीस म्हणजे वर डावीकडचा पहिला, सेहेचाळीस म्हणजे खाली उजवीकडची सहावी, दाढ. बरं. पण हे आधी सांगायला काय हरकत असते?

दाताचं वरचं आवरण, इनॅमल, हा म्हणे आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. पण हाड मोडलं तर जुळून तरी येतं, हे गेलं की गेलं, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात, नंतर नाहीशा होतात. पझेशन दिल्यावर बिल्डर होतो तशा. त्यामुळे आता तिथं कॉम्पोझिट नावाचं मटेरियल लावायचं आणि त्यासाठी आधी दाताचा रंग ठरवायचा, आणि इथून पुढे जे झालं त्याबद्दल मला अजूनही पुरेसा राग आलेला नाही असं माझं मत आहे.

डॉक्टर म्हणाली, काका, खुर्चीवरच्या दिव्यात शेड नीट कळत नाही, जरा गॅलरीत या, दिवसाच्या उजेडात बघू. आणि दात कोरडे व्हायच्या आत बघायला हवं, कोरडे झाले की पांढरे दिसतात. म्हणून गालात ती प्लॅस्टिकची कमान, तिनं ओठ दोन्हीकडून ताणलेले, गळ्यात हिरवा कागदी रुमाल, अशा अवस्थेत मला वेटिंग रूममधून गॅलरीत नेण्यात आलं. तिच्या हातात एक पट्टी होती, तिच्यावर सोळा खोटे दात ओळीनं खोचलेले, प्रत्येकाखाली नंबर. ए, बी, सी, डी आणि त्यात पुन्हा एक, दोन, तीन. त्यातला एकेक काढून ती माझ्या दाताला लावून बघायला लागली. ए दोन? ए तीन?

"दाखवा बरं इकडे," मागून आवाज आला.

वेटिंगमधल्या एक काकू उठून आल्या होत्या. सासूबाईंची कवळी ट्राय करायला आल्या होत्या, सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन बाकावर. काकूंचं स्टेशनजवळ मॅचिंग सेंटर, बावीस वर्षं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, माझ्या दाताकडे बघत डॉक्टरला सांगितलं.

"ए दोन गुलाबी मारतोय. हा बी कुठलाय? छे, याच्यात लिंबू कलर आहे. दादांचा लिंबू नाहीये. दादांचा बिस्किटी आहे."

डॉक्टरनं हद्दपार करायला हवं होतं ना या बाईंना? तर ती पट्टी त्यांच्या हातात देऊन मोकळी झाली.

"आणि सगळा एकसारखा नाहीये बघा. टोकाला बिस्किटी, वर हिरडीकडे बदामी. शेडेड आहे. दोन पीस लागतील."

"करेक्ट काकू," डॉक्टर म्हणाली, "हिरडीजवळ दात गडदच असतो. लोकांना कळत नाही हे."

"चहा फार होत असणार. दादा, दिवसाला किती कप?"

मी बोटांनी दाखवले. काकूंनी डॉक्टरकडे बघून मान हलवली. मग पट्टी उन्हात धरून मोजायला लागल्या.

"डी एक कुठंय? डी दोनपासूनच सुरू?"

"डी एक नसतो काकू."

"नसतो म्हणजे, संपलाय?"

"कंपनी बनवतच नाही."

"मागवून ठेवा हो डॉक्टर. जो नसतो तोच गिऱ्हाईक मागतं."

एव्हाना माझी लाळ रुमालावर यायला लागली होती. मी म्हटलं मला ए एक चालेल. ओठ ताणलेले असल्यामुळे ते "आआ ए एअ आअेअ" असं काहीतरी बाहेर पडलं. काकू म्हणाल्या काय म्हणतायत? डॉक्टर म्हणाली ए एक म्हणतायत. आणि त्या दोघी हसल्या. मनापासून.

"दादा, ए एक घेतलात तर मग उरलेले एकतीस पण घ्यावे लागतील, सेटमध्ये."

तेवढ्यात खालून कुणीतरी हात केला. बघतो तर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांच्याशी पार्किंगवरून माझं गणपतीपासून बोलणं बंद आहे. त्यांना खालून दिसत होतं ते एवढंच, की मी पहिल्या मजल्यावरून त्यांच्याकडे बघत सगळेच्या सगळे दात काढून हसतोय. ते आधी बावचळले, मग तेही हसले. छातीवर हात ठेवून. मला मान हलवून 'नाही' म्हणायचं होतं, पण डॉक्टरनं हनुवटी धरलेली. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा 'झालं गेलं विसरून' असा मेसेज आला आणि त्यांची गाडी अजूनही माझ्याच जागेवर उभी आहे.

वर चर्चा ए तीन आणि ए साडेतीनवर येऊन अडकली होती. हो, ए साडेतीन असा खरोखर एक रंग आहे, ए तीन आणि ए चारच्या मधला, जगभरचे डेंटिस्ट वापरतात. काकूंचं म्हणणं, एक शेड गडदच घ्या, धुतल्यावर उतरतो. डॉक्टर म्हणाली नाही, दाताचं उलटं असतं, हे मटेरियल चहानं, हळदीनं वर्षागणिक पिवळं पडत जातं. काकू लगेच म्हणाल्या मग एक शेड फिका घ्या. शेवटी बाकावरच्या सासूबाईंचं मत मागवण्यात आलं. त्यांनी चष्मा लावला, मला आपादमस्तक बघितलं आणि एकही दात नसलेल्या तोंडानं निकाल दिला, "पिवलाय."

ए साडेतीन ठरला. आख्ख्या वेटिंग रूमला कळला. एक कॉलेजची पोरगी ब्रेसेसवाली, तिनं मोबाईलमधून मान वर करून बघितलं.

प्रत्यक्ष काम फार नाही. भूलसुद्धा नाही. निळी जेल लावली, ती ॲसिड असते, त्यानं पृष्ठभाग खरखरीत होऊन मटेरियल पकड घेतं, धुतली, हवा मारली तेव्हा मी खुर्चीतून वर आलो, मग थर लावायचा, निळा लाईट मारायचा, परत थर. शेवटी कार्बन पेपर, चावा, कटकट करा, घासा. मधे मधे ती मला मुलगा कितवीला आहे विचारत होती आणि उत्तराची वाटही बघत होती. तोंडात दोन बोटं, सक्शन आणि कापूस असताना तुमची काय अपेक्षा असते हो?

बाहेर आलो तर काकू वाटच बघत होत्या. "बघू?" म्हणाल्या. मी दाखवला. कशाला दाखवला माहीत नाही.

"गडद झाला. मी म्हणत होते ए तीन घ्या."

आधी गडदच घ्या म्हणत होत्या. डॉक्टरनं समजावलं, आता बाजूचे दात कोरडे पडून पांढरे दिसतायत, उद्यापर्यंत ओलावा धरतील, मग मॅच होईल.

"'उद्या मॅच होईल' असं मी गिऱ्हाईकाला सांगितलं ना डॉक्टर, तर ब्लाऊजपीस तोंडावर फेकेल माझ्या."

काउंटरवर म्हटलं मेडिक्लेमसाठी पावती द्या. असिस्टंट कनवाळूपणे हसली. बहुतेक पॉलिसींत दातांचं काम बसतच नाही, अपघात होऊन ॲडमिट व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे त्या रबडीच्या पातेल्यात मी स्वतः पडलो असतो तर काहीतरी झालं असतं. दरवर्षी हप्ता वाढतो, जीएसटी भरभरून आम्ही दमलो, तो कुठे सप्टेंबर २०२५ मध्ये माफ झाला, आणि चष्मा-दात कव्हर नाहीत. मग कव्हर काय आहे, कोपर? ऑफिसातला एकजण म्हणत होता सरकारी डेंटल कॉलेजात जायचंस, सीएसएमटीला सेंट जॉर्जच्या आवारात, नाहीतर मुंबई सेंट्रलला महापालिकेच्या नायरचं, किरकोळ पैशात होतं. होतं, नक्की होतं, पण मुलं शिकत शिकत करतात, रांग असते, आणि ती आख्ख्या दिवसाची रजा कोण देणार, एकदंत म्हणणारे?

तेवढ्यात शेजारी काकूंच्या कवळीचा हिशोब चालला होता. डॉक्टर आतून ओरडली, "काकूंना दोन हजार कमी कर गं, आज मदत केली त्यांनी." काकू नको नको म्हणाल्या आणि लगेच पाकीट बंद केलं.

माझे अडीच हजार झाले. एक्स-रेचे तीनशे वेगळे. मी म्हटलं काही कमी? असिस्टंट म्हणाली फिक्स रेट आहे काका, आणि दोन दिवस चहा आणि हळद बंद.