डावीकडून म्हणजे कुणाच्या?

मोठ्या शहरातल्या संपादकाला वाचक पत्रं लिहितात. छोट्या गावातल्या संपादकाला वाचक गाठतात. मी एक साप्ताहिक चालवतो. संपादक मी, बातमीदार मी, मुद्रितं तपासणारा मी आणि छापखान्यातून गठ्ठे उचलून आणणाराही मीच. हे सगळं जमतं. जमत नाही ते एकच, ज्याचं नाव छापायचं राहिलं त्याला दुसऱ्या दिवशी चुकवणं. गावात रस्तेच मोजके.

तुम्हाला वाटेल, संपादकाची झोप उडते ती घोटाळे, चोऱ्या नाहीतर निवडणुकांमुळे. छे! त्या दिवशी मी घोरत पडतो. माझी झोप उडवतो तो गटफोटो.

मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’ बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलं. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असायचा, म्हणजे कष्ट दुप्पट. तरी एका बाबतीत मला त्यांचा हेवा वाटतो. छायाचित्रणाची कला जगापुढे जाहीर झाली १८३९ साली आणि ‘दर्पण’ बंद पडलं १८४० साली. या दोन गोष्टींचा काही संबंध होता असं इतिहासात कुठे लिहिलेलं नाही. मीही तसं म्हणत नाही. मला आपला संशय आहे.

परवा शाळेच्या क्रीडास्पर्धा झाल्या. संध्याकाळी फोनवर बातमी आली, सोबत फोटो. आता बातमी लिहिण्याचा आमच्या धंद्यातला नियम साधा आहे: महत्त्वाचं ते आधी. कोण, काय, कुठे, कधी हे सुरुवातीलाच सांगून टाकायचं, कारण जागा कमी पडली की कात्री शेपटाकडून लागते. या बातमीत पहिल्या दहा ओळी अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, प्रास्ताविक, सूत्रसंचालन आणि आभार यांनी भरल्या होत्या. अकरावी ओळ होती, ‘विजेत्यांना बक्षिसे देण्यात आली.’ विजेते कोण, ते गुलदस्त्यात.

फोटोत माणसं चौदा, नावं अकरा. मी सरांना फोन लावला.

“सर, उरलेले तिघं कोण?”

“अहो, तुम्ही ओळखता की सगळ्यांना!”

“बरं, ‘डावीकडून’ म्हणजे कुणाच्या डावीकडून?”

“आमच्या!”

त्यात तो सेल्फी. मागच्या फलकावरची अक्षरंसुद्धा उलटी उमटलेली. उलट्याचं सुलटं करून, अध्यक्षांच्या नावाखाली खजिनदार येऊ न देता ती चौदा डोकी जुळवून बघा एकदा, म्हणजे गणिताच्या पेपराची भीती जाईल.

मग फोटो मोठा घ्या, नावं वाढवा, असं म्हणाल. पण पान काही ताणून मोठं होत नाही. एका मोठ्या कागदाला मधोमध घडी घातली की चार पानं होतात, त्यामुळे पानं वाढवायची तर सहसा चारच्या पटीत. तीन नावांसाठी चार पानं वाढवणारा मालक अजून जन्माला यायचाय. आणि आमच्याकडे मालकही मीच. शेवटी त्या तिघांना ‘आदी मान्यवर’ करून टाकलं.

अंक निघाला त्या सकाळीच एक गृहस्थ कचेरीत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. अंक टेबलावर पसरून त्यांनी फोटोच्या अगदी कडेला बोट टेकवलं. तिथे कोपरापासून पुढचा एक हात होता आणि मनगटावर घड्याळ.

“हे कोण?”

“हात आहे,” मी म्हणालो.

“कुणाचा?”

मी गप्प. त्यांनी बाही वर सारली आणि आपलं मनगट फोटोशेजारी ठेवलं. तीच चौकोनी तबकडी, तोच तपकिरी पट्टा. पुराव्यात खोट काढायला जागा नव्हती.

“साहेब, आलेल्या फोटोतच तुम्ही एवढे आहात,” मी फोन पुढे केला.

“सगळे मावावेत म्हणून मीच जरा सरकलो हो! मांडव माझा, माइक माझा, खुर्च्या माझ्या. आणि छापून आला हात!”

“घड्याळ मात्र सुरेख आलंय.”

त्यावर ते अंक तिथेच टाकून निघून गेले.

दुपारी दाढीला बसलो. सलूनवाले दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. वस्तरा गळ्यापाशी आला तेव्हा शांतपणे म्हणाले, “१०० मीटरमध्ये आमचा पोरगा पहिला आला. त्याचं नाव कुठंय?”

अशा वेळी वृत्तपत्रस्वातंत्र्यावर बोलता येत नाही. मानही हलवता येत नाही. दाढी उरकल्यावर आम्ही दोघांनी मिळून फोटोत पोरगा शोधला. अध्यक्षांच्या कानामागे करंडकाचं टोक दिसत होतं. टोकाखाली तोच असणार.

पुढच्या अंकात त्या पोराचा एकट्याचा फोटो घेतला. गळ्यात पदक, हातात करंडक, खाली एकच नाव. डावं नाही, उजवं नाही. इतक्या सुखाने फोटोओळ मी कित्येक दिवसांत लिहिली नव्हती.

अंक पडला आणि घड्याळवाले साहेब पुन्हा दारात. या वेळी मात्र खुर्ची ओढून बसले.

“एकट्याचाही छापता म्हणा की!”

“छापतो ना. काही करून दाखवलं की छापतो.”

त्यांनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला. मग खुर्ची पुढे सरकवून हळूच विचारलं, “१०० मीटर म्हणजे साधारण किती लांब असतं हो?”