लुगड्याची गाठ घट्ट आवळा म्हणणाऱ्यांना

‘आपला पेहराव, आपले आरोग्य’ असं नाव दिलेला एक लांबलचक मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडच्या नातेवाइकांच्या आणि समाजाच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली कुणा डॉक्टरचं नाव आहे. गाव नाही, दवाखाना नाही. त्यातले मुद्दे थोडक्यात असे : बायकांचा पेहराव हजारो वर्षं साडी, ब्लाउज, परकर आणि डोक्यावर पदर हाच होता. लुगड्याची गाठ जितकी घट्ट तितकी कंबर मजबूत, गर्भपिशवी जागेवर राहते, बेंबी सरकत नाही. जीन्समुळे मुलींना वांझपण आणि कॅन्सर होतो. सरकारनेही जीन्स बंद केली, फाटकी जीन्स घातली तर गुन्हा दाखल होतो. पाश्चात्त्यांकडे सगळं पहिल्यापासून मोकाट. आणि शेवटी मागणी : समाजाने ठराव करून गाऊनवर फिरणाऱ्या बायकांना दंड लावावा.

हा मेसेज माझ्या फुईपर्यंत, म्हणजे वडिलांच्या बहिणीपर्यंत पोचला नसता तर मी उत्तर लिहायच्या भानगडीत पडले नसते. म्हणून क्रम सोडून आधी गाठीचंच घेते.

फुई अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आयुष्यभर लुगडं नेसली, कपाशीच्या शेतात वाकून राबली. तिच्या उजव्या कमरेला, हाडाच्या जरा वर, बोटभर रुंदीचा काळा पट्टा आहे. तिथली कातडी जाड, खरखरीत. उन्हाळ्यात घामाने तिथे आग होते, तेव्हा ती खोबरेल तेलात हळद कालवून लावते आणि पुन्हा त्याच जागी गाठ मारते. मेसेज वाचून घेतल्यापासून तिने ती गाठ आणखी आवळायला सुरुवात केली, कारण तिची पिशवी खाली उतरलेली आहे आणि हे ती कुणाला सांगत नव्हती. मी भेटायला गेले तेव्हा त्या पट्ट्याला चीर पडली होती, कापड जखमेला चिकटलेलं. कोमट पाणी लावून ते सोडवावं लागलं. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, “मोबाईलमा उनं ना बेटी. खाले डाक्टरनं नाव शे.”

आता खऱ्या डॉक्टरांनी काय लिहिलंय ते ऐका. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्‌स’ या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी दोन रुग्णांची माहिती छापली. पहिल्या बाई ७० वर्षांच्या. परकराची नाडी जिथे घट्ट बसायची तिथे, उजव्या कुशीला, दीड वर्ष न भरलेली जखम. दुसऱ्या बाई साठीच्या शेवटाला आलेल्या. त्या ४० वर्षं रोज लुगडं नेसत होत्या, आत परकर नाही, कमरेला घट्ट आवळलेलं. त्यांची जखम दोन वर्षं जुनी. तपासणीत दोघींनाही त्वचेचा कर्करोग निघाला, आणि दुसऱ्या बाईंचा जांघेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत पोचलेला होता. म्हणजे ज्या घट्ट गाठीला हा मेसेज औषध म्हणतो, त्याच गाठीच्या जागी हे झालं.

हे होतं कसं, तेही समजायला अवघड नाही. रोज एकाच जागी नाडी काचते, कातडी पातळ होते, सोलवटते. ती भरून येण्याआधी दुसऱ्या दिवशी तिथेच गाठ बसते. अशी जखम वर्षानुवर्षं चिघळत राहिली तर क्वचित तिचं रूपांतर कर्करोगात होतं. हो, क्वचितच. लुगडं नेसणाऱ्या प्रत्येक बाईला कॅन्सर होतो असं मी म्हणत नाही, आणि लुगड्यावर माझा राग नाही. राग आहे तो ‘आवळा’ म्हणणाऱ्यावर. आणि पुरुषांनी हे फक्त बायकांचं समजू नये : मुंबईचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ सालीच धोतराच्या काचामुळे कमरेला होणाऱ्या कर्करोगाची नोंद केलेली आहे.

राहिली पिशवी. गर्भपिशवीला आतले स्नायू आणि बंध धरून ठेवतात. सततची बाळंतपणं, वयाबरोबर आलेला सैलपणा, डोक्यावरची ओझी यांनी ते ढिले पडतात. बाहेरून कमरेला मारलेली गाठ पिशवीला वर धरू शकत नाही. खरं नुकसान असं की असल्या मेसेजमुळे बाई दवाखान्यात जायच्या ऐवजी गाठ आवळत बसते, आणि पिशवीचा त्रास अंगावर काढणाऱ्या बायका आपल्या खेड्यांत पुष्कळ आहेत. जळगावच्या त्वचेच्या डॉक्टरांनी फुईला सांगितलं ते एवढंच : गाठीची जागा रोज बदल, नाडीऐवजी रुंद पट्टी लाव, सैल बांध, आणि जखम लवकर भरली नाही तर परत ये. पिशवीसाठी तिला बाईंच्या डॉक्टरकडेही नेलं. ज्यांच्या घरात आई-आजी लुगडं किंवा परकर वापरते त्यांनी आजच तिची कमर बघावी. ती आपणहून दाखवणार नाही.

जीन्सबद्दल मेसेजमध्ये एक अर्धं खरं आहे, ते मान्य करते. फार घट्ट जीन्सने मांडीच्या बाहेरच्या बाजूची नस दाबली जाऊन मुंग्या आणि आग होते. घाम साचून जांघेत गजकर्ण होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या आपल्या भागात सैल सुती कपडाच बरा, यात वाद नाही. पण त्यावरून वांझपण आणि कॅन्सर? मुलींच्या बाबतीत त्याला काहीही आधार नाही. उलट अंडकोषाला सतत उष्णता लागली तर शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो, म्हणजे घट्ट पँटची काळजी करायचीच तर आधी मुलग्यांची करावी. मूल होत नाही म्हणून सुनेला घालूनपाडून बोलणारी घरं आपल्याकडे कमी आहेत का, की आता तिने कॉलेजात घातलेली जीन्सही दोषी ठरवायची?

‘हजारो वर्षं एकच पेहराव’ म्हणणाऱ्यांनी गाडी काढून अजिंठ्याला जावं, जळगावाहून साधारण ६० किलोमीटर. पाचव्या शतकातली ती चित्रं. तिथल्या राण्यांच्या अंगावर दागिने भरपूर, वरच्या अंगाला कापड नाहीच किंवा अगदी झिरझिरीत. पहिल्या लेण्यातली नर्तकी मात्र लांब बाह्यांच्या शिवलेल्या कपड्यात आहे. आजच्यासारखं ब्लाउज-परकर कुठे दिसत नाही. ते वळण पडलं एकोणिसाव्या शतकात. रवींद्रनाथ ठाकुरांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवी ठाकूर १८६० च्या दशकात मुंबईत राहिल्या, पारशी बायकांची साडीची पद्धत पाहून त्यांनी ती बंगालात नेली आणि त्याबरोबर ब्लाउज-परकर रूढ केला. आमच्या आज्या तर चोळीची गाठ मारायच्या. झंपर नंतर आलं, आणि ते आलं तेव्हाही नाकं मुरडली गेलीच.

शिवाय ‘बायकांचा पेहराव’ म्हणजे कोणत्या बायकांचा? कुणी लुगडं किती खाली सोडायचं, कुणी चांदी घालायची आणि कुणी कथलाचेच दागिने, हे जात ठरवत होती. म्हणून तर डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांना मुद्दाम सांगितलं की लुगडं वरच्या जातीच्या बायकांसारखं नेसा आणि अस्पृश्यतेची खूण असलेले ते जड दागिने काढून टाका. त्रावणकोर संस्थानात, म्हणजे आजच्या केरळाकडे, नाडार जातीच्या बायकांना छाती झाकण्याची परवानगी मिळायला १८५९ साल उजाडलं, तेही उच्च जातींसारखं वस्त्र घ्यायचं नाही या अटीवर. पदराचा अभिमान सांगणाऱ्याने हेही सांगितलं पाहिजे.

पाश्चात्त्यांकडेही मोकाट नव्हतं. पॅरिसमध्ये १८०० साली हुकूम निघाला होता की बाईला पँट घालायची तर पोलिसांची परवानगी हवी. पुढे सूट मिळाली ती हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर. तो हुकूम रद्दबातल असल्याचं सरकारने जाहीर केलं २०१३ मध्ये.

सरकारी नियमांचं तर मेसेजवाल्याने अर्धंच वाचलंय. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कर्मचाऱ्यांना जीन्स आणि टी-शर्ट नको असं परिपत्रक काढलं, ते पुरुषांनाही होतं. आणि मार्च २०२१ मध्ये त्यातली जीन्सवरची बंदी काढूनही टाकली. शिक्षकांसाठी मार्च २०२४ मध्ये जो नियम आला त्यात साडीबरोबर सलवार-चुडीदार-कुर्ता चालतो आणि जीन्स मास्तरांनाही बंद आहे. हे कामाच्या वेळेचे नियम झाले. बाजारात, बसमध्ये, कॉलेजच्या गेटवर कुणी काय घालावं याचा त्यात एक शब्द नाही. फाटक्या जीन्सवर गुन्हा ही शुद्ध थाप. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये आखूड स्कर्ट घालून नाचणंही तेवढ्यावरून अश्लील कृत्य ठरत नाही म्हटलंय, तिथे गुडघ्यावर फाटलेल्या पँटचं काय घेऊन बसलात?

आणि गाऊनचा दंड. आंध्रातल्या तोकलापल्ली गावाने २०१८ मध्ये हे करून पाहिलं : दिवसा नायटी घातली तर २००० रुपये दंड, चुगली करणाऱ्याला १००० रुपये बक्षीस. शेजारीण शेजारणीवर पाळत ठेवेल अशी ती सोय. पहाटेपासून चुलीपाशी आणि गोठ्यात घामाघूम होणारी बाई गाऊनवर दारात पाणी भरायला आली, म्हणून तिच्याकडून पैसे घेण्याचा अधिकार समाजाच्या कोणत्या पुढाऱ्याला आहे? कुणालाच नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, तो जुलै २०१७ पासून लागू झाला. समाजातल्या कुणावर विशिष्ट प्रकारचे कपडे घालण्याची सक्ती करणं हेही त्यात बहिष्काराच्या प्रकारांत धरलंय. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठरावाच्या कागदावर सही करायला निघालेल्या काका-मामांनी सहीच्या आधी हा कायदा वाचून घ्यावा, कारण तक्रार करायला मी आणि फुई दोघी तयार आहोत.