मांडवीच्या कोणत्या बाजूला?

"अहो, कुठे आहात?"

"मांडवीपाशी."

"मांडवीच्या कोणत्या बाजूला?"

बडोद्याच्या जुन्या शहरात, भर गर्दीत, एका हाताने आत्याला आणि दुसऱ्या हाताने चांदीच्या वाटीची पिशवी धरून उभ्या असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. मी मान वर करून नीट पाहिलं आणि जे दिसलं ते प्रामाणिकपणे सांगितलं, "जिकडे तीन कमानी आहेत, त्या बाजूला."

पलीकडून फोन ठेवला गेला.

ज्यांनी मांडवी पाहिलेली नाही त्यांना यातला अन्याय कळणार नाही. जुन्या शहराच्या बरोबर मध्यावर हा चौरस मंडप उभा आहे, आणि त्याला चारी अंगांना तीन-तीन कमानी आहेत. चार दिशांना चार रस्ते फुटतात आणि त्यांच्या टोकाला चार दरवाजे. पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडी गेट. शाळेत असताना हे चारही मी परीक्षेत बरोबर लिहिलेले आहेत. कागदावर उत्तर वरच्या बाजूला असते. रस्त्यावर ती कुठे असते, याचं उत्तर मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत मिळालेलं नाही.

निमित्त होतं नातीच्या उष्टावणाचं. वाटी-चमचा आणायचा होता, आणि "सोनार मीच दाखवते" म्हणून आत्या स्कूटरवर मागे बसली. आत्या चौऱ्याऐंशीची. तिचं लहानपण मांडवीजवळच्या एका पोळीत गेलं. (हे वाक्य मी पुण्याच्या नातेवाइकांसमोर एकदा बोललो, तेव्हा ते बराच वेळ हसत होते. अहो, पोळ म्हणजे आमच्याकडे दाटीची जुनी गल्ली. पोळ, पोळीत, पोळीतून. त्याला तूप लावायचं नसतं.) स्कूटर एका आतल्या गल्लीत लावली, वाटी घेतली, बाहेर आलो, आणि स्कूटर कुठे लावली होती ते शहरात विरघळून गेलं. आभाळ भरून आलेलं, त्यामुळे सूर्यालाही विचारायची सोय नव्हती.

लोकांना विचारावं, तर त्यातही माझा एक खाजगी घोळ आहे. गुजरातीत डावीकडे म्हणजे 'डाबी बाजू', ते लगेच कळतं. उजवीकडे म्हणजे 'जमणी बाजू'. जमवुं म्हणजे जेवणं, ज्या हाताने जेवायचं ती जमणी. लहानपणी मला हे असंच शिकवलं गेलं आणि तसंच अंगात मुरलं. त्यामुळे कुणी "जमणी बाजू वळी जाओ" म्हटलं की मी चौकात थांबून हवेत एक घास घेतो आणि मग त्या हाताच्या दिशेला वळतो. त्या दिवशी मी तीनदा घास घेतला. तिसऱ्या वेळी शेजारच्या पथारीवाल्याने आत्याला विचारलं, "काकाने भूख लागी छे?"

आता थोडं शास्त्र सांगतो, कारण मी माझ्या दोषाचं कुळ-गोत्र शोधून काढलेलं आहे. माणूस एकदा रिटायर झाला आणि बायकोने एकदा 'बावळट' म्हटलं, की वाचन आपोआप वाढतं.

मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला, खोलवर, समुद्रघोड्यासारखा वळलेला एक भाग असतो, हिप्पोकॅम्पस. नावही समुद्रघोड्यावरूनच पडलंय. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या या भागात काही पेशी अशा सापडल्या, की उंदीर एका ठरावीक जागी आला तरच त्या टकटक करायच्या. या कोपऱ्याची ही पेशी, त्या कोपऱ्याची ती. पुढे २००५ मध्ये नॉर्वेत माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या जोडप्याला त्याच्या शेजारच्याच भागात दुसऱ्या पेशी सापडल्या. त्यांतली एकच पेशी जमिनीवर अनेक जागी टकटकते, आणि त्या जागा खुणेने मांडत गेलं तर सारख्या अंतरावरच्या त्रिकोणांची जाळी तयार होते. आमच्या दारात आई ठिपक्यांची रांगोळी काढायची, दुसरी ओळ अर्ध्या घराने सरकवून, अगदी तशी. म्हणजे प्रत्येक उंदीर डोक्यात रांगोळीचे ठिपके घेऊन हिंडतो. या तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं. नवरा-बायकोने एकत्र रस्ता शोधला आणि भांडण न होता नोबेल मिळालं, हे माझ्या मते यातलं खरं आश्चर्य.

पण मला ज्या प्रयोगाने गहिवरून आलं तो १९८६ सालचा, केन चेंग यांचा. त्यांनी आयताकृती खोक्यात एका कोपऱ्यात खाऊ ठेवला, उंदराला तो दाखवला, बाहेर काढून दिशाभूल केली आणि परत आत सोडलं. उंदीर बरोबर कोपऱ्यात तर गेलाच, पण जवळजवळ तितक्याच वेळा नेमक्या समोरच्या तिरप्या कोपऱ्यातही गेला. कारण आकाराने पाहिलं तर दोन्ही सारखेच, लांब भिंत या हाताला, आखूड त्या हाताला. कोपऱ्याकोपऱ्यात वेगळ्या खुणा होत्या, वेगळे वास होते. उंदराने तिकडे लक्षच दिलं नाही. म्हणजे बिचारा बावळट नव्हता, खोलीच तशी होती! आणि त्याच्यापुढे दोन कोपऱ्यांचा घोळ होता. मांडवी चौरस. माझ्यापुढे चार.

डोक्यात एक होकायंत्रही असतं. डोकं अमुक दिशेला वळलं की टकटकणाऱ्या या पेशी जेम्स रँक यांना १९८४ मध्ये दिसल्या. पण हे यंत्र लोहचुंबकावर चालत नाही, डोळ्यांना काय दिसतं त्यावर ते आपला काटा लावून घेतं. चारी बाजूंना तीन-तीन कमानी दिसल्यावर त्याने काटा लावायचा कुठे? सुरसागर तलावाजवळ असतो तर त्याच्या मधोमध उभे १११ फुटी महादेव मदतीला होते. मांडवीपाशी दिसतं ते फक्त लोकांचं डोकं, चपलांची दुकानं आणि विजेच्या तारा.

हे सगळं मी हिला एकदा चहाच्या वेळी समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, "पण उंदराने एकतीस वर्षं बडोद्यात नोकरी केली होती का?"

बायका मर्मावर बोट ठेवतात ते असं. कारण याचंही शास्त्र आहे आणि ते माझ्या विरोधात जातं. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. २००० साली एलेनॉर मॅग्वायर यांनी त्यांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. २००६ मध्ये त्यांनी टॅक्सीवाल्यांची तुलना बसवाल्यांशी केली. बसवालेही तेवढेच तास त्याच शहरात गाडी चालवतात, त्याच गर्दीत. पण ठरलेल्या मार्गाने. त्यांच्यात ती वाढ नव्हती.

मी एकतीस वर्षं घर ते मकरपुऱ्याचा कारखाना आणि कारखाना ते घर. एका खांबावरून डावीकडे, एका पानाच्या गादीवरून उजवीकडे. गादी हलली त्या वर्षी मी दोनदा उशिरा पोचलो. मी बसवाला आहे, तोही बस नसलेला.

असो. मांडवीची दुसरी प्रदक्षिणा झाल्यावर आत्या एका ओट्यावर टेकली. तिला म्हटलं, "आत्या, स्कूटर कुठे लावली ते आठवतंय का तुला?"

"कुठली स्कूटर?"

आत्याचं हल्ली असंच आहे. सकाळी खाल्लेलं दुपारी आठवत नाही. वासणा रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये येऊन तिला चार वर्षं झाली, पण बाथरूम कुठल्या दाराने ते रोज विचारते, आणि रोज नव्याने सांगितलं की "छान आहे हो" म्हणते. तिच्याकडून काही होणार नव्हतं. मी डोळे मिटले आणि निदान काय दिसतंय ते तरी पाहू म्हटलं.

आणि गंमत म्हणजे चित्र लख्ख दिसलं. जागा कुठे आहे ते नाही, कशी आहे ते. देखावे ओळखण्याचं खातं मेंदूत वेगळं असतं. रसेल एप्स्टाइन आणि नॅन्सी कॅनविशर यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की हिप्पोकॅम्पसला लागून असलेला एक भाग रस्ते, इमारती, खोल्या पाहून चेतवला जातो. रिकामी खोली दाखवली तरी तितकाच. उलट खोलीतलं नुसतं सामान वेगळं काढून दाखवलं तर तो फारसा हलत नाही. (दिवाणखान्यात नवा सोफा आला हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, त्यामागचं कारण हे असावं असा माझा दावा आहे. तो घरात मान्य झालेला नाही.)

"आत्या, बघ हं," मी डोळे मिटूनच म्हणालो, "गल्लीला उतार आहे. आत शिरताच भिंतीतून पिंपळ फुटलाय. त्याच्याखाली छोटी देवळी, शेंदूर लावलेली. समोर लाकडी खांबांचं घर, खांबावर पोपट कोरलेले, एका पोपटाला चोच नाही."

"चोच आमच्या दादाने तोडली," आत्या म्हणाली. "विटीने. अण्णांनी मार मार मारला होता. अरे बाळू, ते आपल्या पोळीचंच तोंड. चल."

ती उठली, आणि माझा हात धरून चालू लागली. म्हणजे आतापर्यंत मी तिचा हात धरला होता, आता तिने माझा. एका बोळाच्या तोंडाशी खणून ठेवलेलं होतं, पत्रे लावलेले. मी तिथेच हताश झालो. ती थांबलीदेखील नाही. "मग विठ्ठलमंदिराच्या अंगाने जाऊ," म्हणाली आणि दोन घरांच्या मधल्या अशा फटीत शिरली, जिला मी तोवर पन्हाळ समजत होतो.

कॅलिफोर्नियात ई. पी. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एक म्हातारा होता. आजाराने त्याचे दोन्ही हिप्पोकॅम्पस निकामी झाले होते. १९९९ मध्ये टेंग आणि स्क्वायर या संशोधकांनी लिहिलं, की तरुणपणी पन्नासेक वर्षांपूर्वी सोडलेल्या गावातले रस्ते त्याला बिनचूक सांगता येत, नेहमीचा रस्ता बंद असेल तर वळसा कुठून घ्यायचा तेही. आणि आजारानंतर ज्या घरात राहायला आला, तिथल्या शेजारपाजारातलं काहीही सांगता येईना. नवा नकाशा काढायला समुद्रघोडा लागतो, फार जुना झालेला नकाशा त्याच्याशिवायही उघडता येतो. हे मी वाचलं होतं, पण माझ्यापुढे नऊवारी सावरत भराभरा चालताना पाहिलं नव्हतं. आजचं चित्र माझ्याकडे, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा नकाशा तिच्याकडे. दोघांत मिळून एक धड मेंदू होत होता.

उतार आला, पिंपळ आला, बिनचोचीचा पोपट आला. आणि त्याच्या खाली माझी स्कूटर, सीटवर मांजर.

"ही कुणाची गाडी रे?" आत्या म्हणाली.

मांजर उठवून, आत्याला बसवून मी स्कूटर सुरू केली. आता माझा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला होता, आणि तीच चूक झाली. पहिल्याच तिठ्यावर मी नम्रपणे विचारलं, "आत्या, घर कुठे?" ती ठामपणे म्हणाली, "डावीकडे." मी वळलो. "आता उजवीकडे." मी हँडल एका हाताने धरून हवेत घास घेतला आणि वळलो. घर म्हणजे तिच्या लेखी कोणतं घर, हे विचारायला हवं होतं. आम्ही पोळीच्या मागून गोल फिरलो आणि गर्दीत बाहेर पडलो. समोर तीन कमानी.

खिशात फोन वाजला.

"कुठे आहात?"

"मांडवीपाशी."

"अजून? कोणत्या बाजूला?"

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात मागून आत्याने हात पुढे करून फोन घेतला. पाऊस न पडताच आभाळ उघडलं होतं. तिने दुसऱ्या हाताचा पंजा कपाळावर आडवा धरला.

"अगं, लहेरीपुऱ्याकडे तोंड करून उभे आहोत," ती म्हणाली. "ऊन डोळ्यांत जातंय की."